खिडकीतली तिसरी रेघ

गावात त्यांना सगळे गलबतकाका म्हणत. धक्क्याला बांधलेल्या होडीत पाय ठेवला तरी ज्याच्या पोटात ढवळतं, अशा माणसाला हे नाव कुणी दिलं देव जाणे, पण दिलं आणि चिकटलं. काकांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात झाली. कुठल्या गल्लीखालून कुठला नळ जातो, कुठं वळतो, कुठं फुटायच्या बेतात आहे, हे त्यांना तोंडपाठ. नळांचा माग काढता काढता त्यांना गावाखालचं जुनं गाव सापडलं, आणि जुन्या गावाच्या कडेला जुना समुद्र. मग काय, माणूस कामातून गेला.

बाजारातून चालताना ते मध्येच थांबत. बँकेच्या पायऱ्यांकडं बघत म्हणत, "इथं जहाजं लागायची. ही वरून दुसरी पायरी आहे ना, तिथवर भरतीचं पाणी." भराव घालून समुद्र मागं ढकलला होता. लोक ते विसरून गेले होते, काका विसरले नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढं भाजीच्या पाट्यांमधून पाणी हलकेच आत यायचं, दोरखंडाच्या कारखान्यातून डांबराचा वास यायचा, शिडं सावकाश उतरायची आणि ओली होऊन पडायची. बायको हातातली पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची आणि म्हणायची, "अहो, आत्ता इथं कांदे आहेत. दोन किलो घ्या आणि मग काय बुडायचं ते बुडा." काका कांदे घेत, पण निवडून घेत नसत, त्यामुळं घरी सडके हमखास येत.

त्यांनी पुस्तकं लिहिली. रस्त्यांवर एक, दोरखंडाच्या कारखान्यावर एक, आणि ज्याच्यामुळं बाहेरगावची माणसंही त्यांना शोधत यायला लागली ते, लढाईतल्या छोट्या बोटींवरचं. लढाईच्या दिवसांत आरमारानं गावातल्या मासेमारीच्या बोटी ताब्यात घेतल्या, त्यांना राखाडी रंग फासला, नावं पुसून नंबर दिले आणि समुद्रातले सुरुंग काढायला पाठवल्या. त्यातली सतरा नंबरची बोट परत आली नाही. गावाच्या तोंडाशीच, अगदी दिसेल इतक्या अंतरावर, सुरुंगावर गेली. तिचा शेवटचा बिनतारी संदेश तेवढा आला: दीपस्तंभ होकायंत्रावर अमुक अंशाला, साबणाच्या कारखान्याची चिमणी अमुक अंशाला, आत पाणी येतंय. पुढं काही नाही.

त्या बोटीच्या पोटात कोळसा घालणारा तरुण हा काकांचा सासरा. म्हणजे तेव्हा तो कुणाचाच सासरा नव्हता, घरी पाळण्यात एक मुलगी होती एवढंच. ती मोठी झाल्यावर, सतरा नंबरची माहिती विचारायला म्हणून काका त्या घराची पायरी चढले. तिच्या आईनं चहा दिला, मुलीनं बापाचा फोटो आणून पुढं धरला, आणि काका फोटोकडं कमी, तो धरणारीकडं जास्त बघत बसले. माहिती घ्यायला आलेला माणूस तिथंच राहिला. घरजावई म्हणून मित्रांनी त्यांची खेचायची तेवढी खेचली. काका म्हणायचे, "मी माझ्या इतिहासाच्या साधनांजवळ राहतो." हे बायकोला फारसं आवडत नसे.

त्यांच्या कामाचे दोन नियम होते, आणि ते ऐकल्याशिवाय त्यांच्या भाषणातून कुणाची सुटका नसे. पहिला, आधाराशिवाय रेघ नाही. नकाशावर त्यांनी ओढलेल्या प्रत्येक रेघेच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असायचं: कुणी बघितलं, कुठून बघितलं, केव्हा. दुसरा नियम सांगताना ते तीन बोटं वर करत. "दोन रेघा कुठंतरी मिळतातच. त्यात काय मोठंसं? तिसरी जेव्हा त्याच ठिकाणावरून जाते, तेव्हा म्हणायचं, सापडलं." लोक टाळ्या वाजवत.

सतरा नंबरच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडं दोनच रेघा होत्या. आता नीट ऐका, कारण सगळं घोडं इथंच पेंड खातं.

घर चढावर होतं, रांगेतलं शेवटचं. पुढच्या खोलीला लाकडी जमीन आणि एक रुंद खिडकी. खिडकीतून सगळी खाडी दिसायची, आणि मधोमध पाण्यातून पाठ काढून बसलेला एक खडक, त्याला सगळे कासव म्हणत. खिडकीशी सासूबाईंची खुर्ची. जड, दणकट, खाली निमुळते पाय. नवरा गेल्यापासून हातातलं काम संपलं की त्या तिथं बसत. बसून काय करत, तर काही नाही, बघत. लेक शाळेतून यायची तेव्हा आईचं डोकं मागून दिसायचं, आणि लेकीला पुढं कित्येक वर्षं वाटायचं की आया अशाच असतात, पाठमोऱ्या.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी काकांनी खाडीचा सागरी नकाशा आणला. नवाकोरा, त्याच वर्षी छापलेला, उलगडला की शाईचा वास येणारा. जेवणाच्या टेबलावर पसरला. नकाशाच्या कोपऱ्यात होकायंत्राची तबकडी छापलेली असते, तिच्यावरून त्यांनी शेवटच्या संदेशातले दोन्ही अंश मोजले आणि पट्टीनं दोन रेघा ओढल्या, एक दीपस्तंभापासून, एक चिमणीपासून. त्या, खिडकीतून बघावं तर, कासवाच्या उजवीकडं मिळाल्या. काकांनी तिथं लाल पेन्सिलीनं फुली केली. सासऱ्याला जागा मिळवून दिली, अशी त्यांची भावना होती, आणि ती खोटी नव्हती.

"आई, बघा. इथं."

सासूबाई चष्मा लावून वाकल्या. फुलीकडं बघितलं, मग मान वळवून खिडकीकडं. "जावईबापू, मला तर धूर कासवाच्या डावीकडं दिसला होता. दूध ठेवलं होतं शेगडीवर. ते उतू गेलं, मी इथंच उभी होते."

काका हसले. हसण्यात लबाडी नव्हती, सासूवर त्यांची खरंच माया होती, आणि म्हणूनच ते पुढं जास्त लागलं. "आई, किती वर्षं झाली त्याला. आठवण सरकते. होकायंत्र सरकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं बघितलं, तर त्या दोन्ही हातांनी खुर्ची ओढत होत्या. खुर्ची जड, जमीन करकरत होती. त्यांनी ती थोडीशी उजवीकडं फिरवली, बसून बघितलं, आणखी चार बोटं फिरवली. "शिकलेला माणूस आहे," लेकीला म्हणाल्या, "उगाच कशाला सांगेल." आणि मग जाईपर्यंत त्या तिकडंच बघत बसल्या.

त्या गेल्यावर त्यांची राख समुद्रात सोडली. त्यांनीच सांगून ठेवलं होतं, ह्यांच्याजवळ. काकांनी नावाड्याला फुलीपर्यंत नेलं. होडीच्या काठाला डोकं टेकवून ते दिशा सांगत होते आणि मधूनमधून ओकत होते. बायको एका हातानं डोळे पुसत होती, दुसऱ्या हातानं त्यांची पाठ चोळत होती. पाणी मऊ होतं, राख थोडा वेळ वर राहिली आणि मग दिसेनाशी झाली. परत येताना बायको म्हणाली, "माझ्या वेळीही इथंच. आईबाबांजवळ." काकांनी मान डोलावली. त्यानंतर दरवर्षी, बोट गेली त्या दिवशी, ती होडीनं जाऊन तिथं फुलं सोडून यायची. काका धक्क्यावर थांबायचे.

मध्ये एकदा हौशी पाणबुडे आले होते. फुलीवर उतरले, वर आले, म्हणाले, खाली काहीच नाही. काका डगमगले नाहीत. तळाची वाळू सरकते, तिनं बोट गिळली असणार. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत त्यांनी वाळूवर एक अख्खं प्रकरण लिहिलं, इतकं सुरेख की ते वाचताना बोट नसल्याचं कुणाला वाईटच वाटू नये. तिसऱ्या रेघेची आठवण त्यांना कुणी करून दिली नाही. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणीच नाही.

अशी वर्षं गेली. काकांच्या भुवया पांढऱ्या झाल्या, बायकोचे गुडघे कुरकुरायला लागले. आणि एके दुपारी, जुने नकाशे विकणाऱ्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून एक गुंडाळी आली. खाडीचाच नकाशा, पण लढाईच्या वर्षी छापलेला. सतरा नंबर हाकणाऱ्या तांडेलाच्या हाताशी असेल तसला.

काकांना इतका आनंद झाला की चहा निवला तरी कळलं नाही. कागद पिवळा पडला होता आणि पुन्हा गुंडाळायला बघत होता. त्यांनी त्याच्या चार कोपऱ्यांवर कप, चष्म्याचं घर, अडकित्ता आणि बायकोची इस्त्री ठेवली. मग बोटानं हळूहळू फिरले, खोली लिहिलेल्या बारीक आकड्यांवरून, बुजलेल्या धक्क्यांवरून, आता जिथं बँक आहे त्या पाण्यावरून. फिरत फिरत बोट कोपऱ्यातल्या होकायंत्राच्या तबकडीपाशी आलं. आणि थांबलं.

तबकडी तिरकी होती. त्यांच्या नव्या नकाशातली होती त्याहून बरीच जास्त तिरकी.

होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेला बघत नाही, थोडी बाजूला बघते, आणि किती बाजूला, ते दर वर्षी थोडं थोडं बदलतं. म्हणून प्रत्येक नकाशावर त्या त्या वर्षाचा तिरकेपणा छापतात. दर्यावर्दी माणसाला हे आईच्या दुधाबरोबर मिळतं. काकांनीही वाचलं होतं, एका भाषणात सांगितलंसुद्धा होतं. पण त्यांचा जन्म गेला नळांचे नकाशे काढण्यात. नळ जिथं पुरला तिथंच असतो, त्याची उत्तर दिशा कुठं जात नाही. त्यांनी जुन्या बोटीचे अंश नव्या तबकडीवर मोजले होते. दोन्ही रेघा सारख्याच वाकड्या गेल्या, आणि दोन रेघा काय, कुठंतरी मिळतातच.

त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. जुन्या तबकडीवरून पुन्हा मोजलं, पुन्हा दोन रेघा ओढल्या. त्या कासवाच्या डावीकडं मिळाल्या.

काका खुर्चीत मागं टेकले. बाहेर ऊन पांढरं झालं होतं आणि खाडीवर धुकट झाक होती. भर दुपारी त्यांचा डोळा लागला, की नुसता मिटला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दार वाजलं नाही, पण सासरा आत आला. फोटोतलाच, कोळशानं काळा, बूट ओले, जावयापेक्षा निम्म्याहून कमी वयाचा. जमिनीवर पाणी ठिबकत होतं आणि काकांना उगाच काळजी लागली की आता बायको बोलणार. सासरा खिडकीशी गेला, रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"जावईबापू," तो म्हणाला, "ही दुसरीकडंच का बघत बसायची हो? मी तर इकडं होतो."

काकांना उत्तर द्यायचं होतं. वाळूवरचं प्रकरण आठवत होतं, त्यातली वाक्यंच्या वाक्यं ओठांवर येत होती आणि विरघळत होती. बाजारातून पाणी वर चढत आलं होतं, खिडकीच्या कठड्याला लागलं होतं, त्यातून भाजीच्या पाट्या सावकाश तरंगत जात होत्या. मग आतून कुकरची शिट्टी झाली आणि सगळं ओसरलं.

जमीन कोरडी होती. काका उठून बसले आणि त्यांना स्वतःची लाज वाटली, अशी की कान गरम झाले. पहिला विचार आला तो लपवण्याचा, आणि तो का येऊ नये? नकाशा पुन्हा गुंडाळला असता तर कुणाला कळणार होतं. वाळूनं सगळ्यांचं समाधान केलं होतं. सासूबाई गेल्या, पाणी वाहून गेलं. पण बायकोनं स्वतःसाठीही तीच जागा मागून ठेवली होती. आईबाबांजवळ म्हणून. तिथं बाबा नव्हतेच. त्यांच्याच फुलीमुळं ही उद्या बाबांपासून लांब पडणार होती, आणि ते धक्क्यावर उभं राहून होकायंत्र सरकत नाही म्हणणार होते.

बायको स्वयंपाकघरात मटार सोलत होती. काका दारात उभे राहिले.

"अगं, माझं चुकलं."

"कांदे ना? बघितले मी. निम्मे फेकले."

"कांदे नाही." त्यांनी सांगितलं. तबकडी, तिरकेपणा, जुना नकाशा, नवा नकाशा. सांगताना ते भाषणासारखं व्हायला लागलं तसे थांबले आणि साधं सांगितलं, "बाबा उजवीकडं नाहीत. डावीकडं आहेत. आईंना आपण चुकीच्या जागी सोडलं."

तिचे हात थांबले. एक शेंग अर्धी उघडलेली तशीच बोटांत राहिली. काकांना वाटलं की ती रडेल, तर बरं होईल, निदान पाठ चोळता येईल. पण ती रडली नाही.

"आई म्हणाली होती," ती म्हणाली.

"हो."

"तुमच्या तोंडावर म्हणाली होती. धूर डावीकडं होता म्हणून. तुम्ही हसलात."

"हो."

"तुमच्यासाठी तिनं खुर्ची फिरवली. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं टाकून दिलं आणि तुमच्या पट्टीकडं बघत बसली. मेली ती तशी बघत." आवाज चढला नव्हता, पण काकांना तो चढायला हवा होता. "परक्या गावच्या म्हाताऱ्या खलाशांचं बोलणं लिहून घ्यायला तुम्ही बस बदलून बदलून जायचात. आणि बघितलेली बाई तुमच्याच घरात, रोज तुमच्या ताटात वाढत होती."

तिनं शेंग सोलून संपवली, दाणे भांड्यात टाकले, हात पुसले आणि गुडघ्यांवर हात देत उठली. "या," म्हणाली.

खुर्ची अजून खिडकीशीच होती. जमीन फार झिजली म्हणून तिच्याखाली पुढं केव्हातरी सतरंजी घातली होती. "धरा तिकडून." दोघांनी खुर्ची उचलून बाजूला केली, काकांना धाप लागली. तिनं सतरंजी ओढून काढली आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन दाखवली.

लाकडात खुर्चीच्या पायांचे खळगे होते. चार उथळ, काकांच्या फुलीकडं तोंड केलेले. आणि त्यांच्या बाजूला चार खोल, बोटाचं पेर बुडेल एवढे, कडा गुळगुळीत झालेले. पाळण्यातल्या मुलीचं लग्न होईपर्यंतची बैठक होती ती. काकांनी या घरात संसार केला, या खोलीत पुस्तकं लिहिली, पण सतरंजीखाली कधी बघितलं नव्हतं. त्यांनी खाली बसून एका खळग्यात बोट घातलं आणि मग ते तिथंच, जमिनीवर बसून, रडले. बायकोनं रडू दिलं.

"ठेवा आता परत," थोड्या वेळानं ती म्हणाली. "खोलात."

खुर्ची खोल खळग्यांत बसली ती हललीच नाही. काका आईंच्या जागी बसले. समोर, कासवाच्या डावीकडं, उघडं पाणी होतं आणि त्याच्यावर तिसऱ्या प्रहराचं ऊन पसरलं होतं. तिकडं काहीच नव्हतं. तरी त्यांना नजर काढता येईना.

मग बोटं आपोआप कामाला लागली, सवय ती. खुर्चीच्या पाठीच्या मधोमध दोरा बांधला, दुसरं टोक बायकोनं खिडकीच्या चौकटीला धरलं. "थोडं इकडं. बस." दोरा आणि कासव यांच्यातला कोन मोजला, जुन्या नकाशावर घराचा ठिपका शोधला, आणि तिथून पट्टी लावून रेघ ओढली. खुर्ची म्हणजे काही होकायंत्र नव्हे, काकांना अगदी अचूक काही नकोच होतं. पण रेघ चढावरून उतरली, खाडीत शिरली, कासवाला उजवीकडं टाकून गेली आणि दोन रेघा जिथं मिळाल्या होत्या तिथून, पेन्सिलीच्या टोकाएवढ्या अंतरावरून, पार झाली.

दोघं वाकून बघत राहिले. बाहेर कुठं तरी होडीचं इंजिन चालू झालं आणि लांब गेलं.

"आईला नाही आता आणता येणार," बायको म्हणाली.

"नाही."

"मला मात्र नीट न्या."

"आणि मी आधी गेलो तर?"

"तर मी नेईन तुम्हाला. मला पट्टी लागत नाही." ती खुर्चीच्या हातावर टेकली. तिचा राग गेला नव्हता, तो पुढं बरेच दिवस राहिला आणि काकांनी तो राहू दिला. "लिहा की," ती म्हणाली. "प्रत्येक रेघेच्या कडेला लिहिता ना तुम्ही."

काकांनी पेन्सिलीला पुन्हा टोक केलं. रेघेच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं: आई, खिडकीतून, दूध उतू गेलं त्या दिवशी.

ती खांद्यावरून वाचत होती. तिनं बोट ठेवलं. "पुढं लिहा. खुर्ची फिरवायच्या आधी."

त्यांनी लिहिलं.